निरवानिरव : मराठी साहित्यातील वृद्ध आणि अखेरचा निर्णय

१

मराठी साहित्यात मृत्यू विपुल आहे. मरणापूर्वीची निरवानिरव मात्र विरळ आहे. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. मृत्यू ही घटना आहे, आणि काव्याला, नाटकाला वा कादंबरीला ती आयती नाट्यमयता पुरविते. निरवानिरव ही कृती आहे, आणि ती संवादाच्या रूपानेच घडू शकते. 'निरवणे' ह्या जुन्या क्रियापदाचा अर्थ सोपविणे, हवाली करणे, कुणाच्या पदरात घालणे असा आहे. दूरच्या यात्रेला निघालेला गृहस्थ गुरे कुणाकडे, किल्ल्या कुणाकडे, धाकटे मूल कुणाकडे हे सांगून मग उंबरठा ओलांडी. ती त्याची निरवानिरव. निरवणारा एक आणि स्वीकारणारा दुसरा, अशी दोन माणसे समोरासमोर आल्यावाचून ह्या शब्दाला अर्थच प्राप्त होत नाही.

हा शब्द आज पुन्हा हाती घेण्यास कारण आहे. पूर्वीच्या वृद्धाला घर, जमीन, दागिने आणि देणी एवढ्यांचीच व्यवस्था सांगावी लागे. देहाची व्यवस्था रोग आणि काळ ह्यांनी परस्पर केलेली असे. आजच्या वृद्धापुढे देहाचाही प्रश्न उभा आहे. श्वास यंत्राने चालू ठेवावा की नाही, नळीने अन्न द्यावे की नाही, अतिदक्षता विभागात जावे की आपल्या अंथरुणावरच राहावे, आणि शुद्ध हरपल्यावर आपल्या वतीने कुणी बोलावे, हे प्रश्न त्याने शुद्धीवर असतानाच सोडवावयाचे आहेत. कायद्याने त्याला तशी वाट करून दिली आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्याच हक्काचा भाग मानून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्या वेळी घातलेल्या अटी इतक्या जाचक होत्या की इच्छापत्र न्यायदंडाधिकाऱ्यासमोर प्रतिस्वाक्षरित करून घ्यावे लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी त्या शिथिल झाल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते सिद्ध होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावरील तत्कालीन न्यायमूर्ती म. सु. सोनक ह्यांनी मे २०२४ मध्ये असे इच्छापत्र नोंदविले, आणि गोव्यातील ते पहिले ठरले.

म्हणजे कायद्याने कागद दिला, साक्षीदार दिले, मुद्रा दिली. पण त्या कागदापूर्वी घरात जे बोलणे व्हावयास हवे, त्याची भाषा कायदा देऊ शकत नाही. ती साहित्याने सिद्ध केलेली असावी लागते. ती मराठी साहित्याने कितपत सिद्ध केली आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ह्या प्रश्नाची कसोटी पुण्यामुंबईच्या सुस्थित घरांत न पाहता अखेरीस ती सुरतेतील नवागामच्या मराठी वस्तीत पाहावी, असा माझा विचार आहे. जेथे वृद्धाचे गाव एका राज्यात, मुलाची खोली दुसऱ्या राज्यात आणि रुग्णालयाचा कागद तिसऱ्याच भाषेत असतो, तेथे उसन्या शब्दांचा निभाव लागत नाही.

२

प्रथम परंपरेकडे पाहू. 'इच्छामरण' हा शब्द उच्चारताच आपल्याला भीष्म आठवतो; परंतु आपण त्याचे वरदान लक्षात ठेवले आणि वर्तन विसरलो. महाभारतातील भीष्म शरशय्येवर पडल्यावर काय करतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याला उशी हवी असते. राजे मऊ उशा आणतात, त्या तो नाकारतो आणि अर्जुनाकडून बाणांची उशी घेतो. त्याला तहान लागते. तेव्हाही तो अर्जुनाकडेच पाणी मागतो. दुर्योधन शल्य काढण्यात निष्णात असे वैद्य घेऊन येतो. भीष्म त्यांना धन देऊन, सत्कार करून परत पाठविण्यास सांगतो. वेदना कमी करणारी सेवा घ्यावी, आयुष्य लांबविणारा उपचार घेऊ नये, आणि आपली शुश्रूषा कुणी करावी हे आपणच सांगावे, असा हा निर्णय सर्वांदेखत, दोन्ही पक्षांच्या साक्षीने झालेला आहे. आजच्या इच्छापत्रात जे घटक असतात ते बहुतेक ह्या प्रसंगात सापडतात. मराठी मनाने मात्र त्यातून उत्तरायणाची प्रतीक्षा तेवढी उचलली आणि वैद्यांना परत पाठविण्याचा प्रसंग पुराणिकासाठी सोडून दिला.

संतांच्या समाधीचे प्रसंग ह्याहून मराठी मनाला जवळचे आहेत. १२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरील अभंग हे मराठीतील निरोपाचे पहिले महान साहित्य होय. त्यांत जाणाऱ्याइतकीच राहणाऱ्यांचीही अवस्था येते. निवृत्तीनाथांसारख्या गुरूचा आणि थोरल्या भावाचाही धीर तेथे सुटतो. निरवानिरवीचे मर्म तेथे आहे. पण समाधी घेणारा योगी असल्यामुळे त्याचा निर्णय चर्चेच्या पलीकडचा आहे. भोवतालच्यांनी रडावयाचे आहे. विचारावयाचे काही नाही.

आधुनिक काळातही आपल्यापुढे जी उदाहरणे आली ती अशीच असामान्यांची. १९५५ साली कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. विनायक दामोदर सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण ह्यांतील भेद लेखातून मांडला, आणि १९६६ च्या फेब्रुवारीत औषध, अन्न व पाणी वर्ज्य करून २६ तारखेस देह ठेवला. विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर उपचार व अन्नपाणी नाकारले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे देहावसान झाले. ह्या तिघांच्या श्रद्धा परस्परांपासून फार दूर आहेत. परंतु तिघांच्याही निर्णयात एक साम्य आहे : तो कृतार्थतेचा निर्णय आहे. माझे कार्य संपले, असे म्हणण्याचा अधिकार ज्याला आयुष्याने दिला, त्याने केलेला तो निर्णय आहे.

सामान्य वृद्धाला हा अधिकार कुणी देत नाही. त्याचे कार्य संपले हे तो म्हणण्याआधीच इतरांनी ठरविलेले असते. आणि जे संपावे असे त्याला वाटते, तो उपचार, इतर कुणी संपवू देत नाही. महापुरुषांच्या प्रायोपवेशनातून त्याला आदराची भावना मिळते, वापरता येईल असे वाक्य मिळत नाही. इच्छामरणाविषयी आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली आणि घरातले बोलणे थोडे झाले, ह्याचे एक मूळ येथे आहे.

३

सामान्य वृद्ध मराठी रंगभूमीवर आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. त्याच्या भाषावैभवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याकडे वेगळ्या अंगाने पाहावयाचे आहे. नाटकाच्या आरंभी गणपतराव बेलवलकर करतात ती एक निरवानिरवच होय. मिळविलेले सारे ते मुलामुलींना वाटून टाकतात. 'ताट द्यावे पण पाट देऊ नये' हे लोकांचे शहाणपण त्यांना ठाऊक नसेल असे नाही. कावेरीची व्यवहारबुद्धी तर त्यांना सावध करूही पाहते. तरी ते देतात, कारण देणे हा त्यांच्या दृष्टीने एक प्रवेश आहे आणि प्रवेशाला टाळी हवी.

शोकान्तिकेचे बीज संपत्ती वाटण्यात आहे, असे सामान्यतः मानले जाते. मला ते अन्यत्र दिसते. गणपतराव सर्व काही निरवतात, पण स्वतःला आणि कावेरीला निरवीत नाहीत. आम्ही दोघे कुठे राहू, आजारी पडलो तर कुणी पाहावे, एकटा मागे राहिलो तर काय, ह्यांपैकी एकही प्रश्न मुलांसमोर विचारला जात नाही. ज्या माणसाच्या तोंडी रंगभूमीवरचे सर्व राजे बोलले, त्याला स्वतःच्या मुलाशी हे बोलणे साधत नाही. पुढे त्यांची जी भव्य स्वगते येतात, त्यांना ऐकणारा प्रेक्षक आहे, आकाश आहे, दैव आहे, मुलगा नाही. स्वगत हे नाटकाचे बळ आहे खरे, परंतु ह्या नाटकात ते एका न झालेल्या संवादाची भरपाईही आहे. शिरवाडकरांची श्रेष्ठता ही की त्यांनी ही उणीव आपल्या नायकाच्या स्वभावातच रोवली.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आले. येथे नाना आणि नानी ह्या वृद्ध दांपत्याला घर आहे, पैसा आहे, एकमेकांची सोबतही आहे. थोरला मुलगा परदेशी स्थिरावला, धाकटा सैन्यात गेला आणि परतला नाही. अखेर दोघे मिळून जीवन संपविण्याचा निर्णय घेतात. ह्या शेवटाने प्रेक्षक हळहळला, आणि त्या हळहळीतच समीक्षा अडकून पडली. हा निर्णय खरोखर निर्णय आहे काय, असा प्रश्न विचारावयास हवा. निर्णयाला पर्याय लागतात. नाना-नानींपुढचे पर्याय एकेक करून गळत गेले आहेत. जे उरले त्याला निवड म्हणावयाचे तर भाषेची फसवणूक होते. दळवींना हे पुरते ठाऊक आहे. म्हणूनच नाटकाचा खरा जीव शेवटच्या प्रवेशात नसून आधीच्या रिकाम्या दिवसांत आहे : पत्राची वाट पाहण्यात, आल्यागेल्याला थांबवून ठेवण्यात, बोलण्याच्या न भागणाऱ्या भुकेत. ही भूक भागली असती तर पडदा निराळा पडला असता.

नाट्यगृहाबाहेर ह्याचे पडसाद उमटले, हेही नमूद केले पाहिजे. २०१८ च्या सुमारास दक्षिण मुंबईतील एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने, प्राणघातक आजार नसताही, दोघांना एकत्र मरण यावे म्हणून राष्ट्रपतींकडे अर्ज केला. कायद्याने मान्य केलेल्या गोष्टीत ही मागणी बसत नाही. असाध्य अवस्थेत निरर्थक उपचार नाकारणे वेगळे आणि मरण मागून घेणे वेगळे. न्यायालयाने पहिल्यास अनुमती दिली, दुसऱ्यास नाही. पण अर्जामागची भीती समजून घ्यावी लागते. ती वेदनेची भीती नव्हे, वेदना होईल तेव्हा शेजारी कुणी नसेल ह्याची आहे.

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) ह्या दृष्टीने एक पाऊल पुढचे. तात्याजी नाटक सुरू होण्यापूर्वीच मरण पावले आहेत. रंगमंचावर आहेत ते तेराव्याचा खर्च कसा करावयाचा ह्यावर झगडणारे वारस. मेलेल्या माणसाने काही निरवले नाही, म्हणून जिवंत माणसे त्याच्या नावाने स्वतःचा मोठेपणा, स्वतःचे भय आणि स्वतःचा हिशेब मांडतात. न झालेल्या निरवानिरवीची किंमत मागे राहणारे किती पिढ्या मोजतात, ह्याचे इतके निर्मम चित्र मराठीत दुसरे नाही.

४

आतापर्यंतच्या कृतींत वृद्ध निदान बोलत होता, किंवा बोलण्याची संधी संपवून गेला होता. तो बोलू शकत नाही तेव्हा त्याच्या वतीने कुणी बोलावे? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे शुद्धीवाचून राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी वारल्या. त्या वृद्ध म्हणून आजारी पडल्या नव्हत्या. आजारपणातच त्या वृद्ध झाल्या. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी ह्यांनी त्यांचे अन्न थांबविण्याची विनंती न्यायालयास केली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार लेखिकेचा नव्हे, तर तिची अनेक वर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा, असे न्यायालयाने म्हटले. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे वाक्य अस्वस्थ करते. दुसऱ्याचे मन जाणण्याचा दावा लेखक करतो. पण मन जाणणे आणि त्या मनाच्या वतीने निर्णय देणे ह्यांत जे अंतर आहे ते न्यायालयाने दाखवून दिले. ज्याने तोंड धुतले, कूस बदलली, त्याचा शब्द अखेर वजनदार ठरला.

राजेश मापुसकर ह्यांचा 'व्हेंटिलेटर' (२०१६) हा चित्रपट ह्याच प्रश्नावर उभा आहे. गणेशोत्सव तोंडावर आला असताना कामेरकर कुटुंबातील गजाकाका यंत्रावर आहेत, आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात सारा गोतावळा जमला आहे. कुणाला उत्सवाची चिंता, कुणाला बिलाची, कुणाला मालमत्तेची. कुणाला बापाशी न झालेल्या बोलण्याची. चित्रपट विनोदाच्या अंगाने जातो, आणि ते योग्यच आहे, कारण मराठी कुटुंब मरणाच्या दारातही चहा किती सांगावयाचा ह्यावर वाद घालते. पण ह्या सर्व कोलाहलाच्या मध्यभागी एक मौन आहे. ज्याच्याविषयी सर्व बोलतात त्या गजाकाकांना काय हवे होते हे कुणीही निश्चयाने सांगू शकत नाही. निर्णय घेणे मुलाला जड जाते ते बापावर प्रेम नाही म्हणून नव्हे. बापाचे मन विचारून ठेवले नाही म्हणून.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांच्या 'अस्तु' (२०१३) मध्ये हे मौन आणखी वेगळ्या मार्गाने येते. प्रकांड संस्कृत पंडिताची स्मृती ओसरत चालली आहे. देह धडधाकट आहे, पण निर्णय करणारा 'मी' हळूहळू निघून जात आहे. निरवानिरवीला मुदत असते आणि ती मरणाच्या बरीच आधी संपू शकते, हे ह्या कृतीने मराठी प्रेक्षकाला जाणवून दिले.

ह्या सर्व कृती एकत्र ठेवल्या म्हणजे वृद्ध हा निर्णय कसा करतात ह्याविषयी काही बोध होतो. ते तो एका बैठकीत करीत नाहीत. पत्नीचे, भावाचे, शेजाऱ्याचे मरण पाहून 'तसे नको' किंवा 'तसे हवे' असे ते मनाशी म्हणतात; उदाहरणावरून ठरवितात, तत्त्वावरून नव्हे. ते सरळ सांगत नाहीत, सुचवितात : कुणाच्या आजाराची गोष्ट काढतात आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पाहतात. प्रकृतीबरोबर त्यांचे मतही पालटते. आज जे असह्य वाटते ते उद्या सवयीचे होते. पुष्कळ जण 'तुम्हांला योग्य वाटेल ते करा' असे म्हणतात, आणि हाही एक निर्णयच असतो, कारण त्यात विश्वास निरवलेला असतो. पण 'मला कुणावर भार व्हायचे नाही' हे जे वाक्य जवळजवळ प्रत्येक मराठी घरात ऐकू येते, ते फार सावधपणे ऐकले पाहिजे. ते कधी शांत निश्चय असते, कधी तक्रार, कधी 'तू भार नाहीस' हे उत्तर मिळावे म्हणून टाकलेला प्रश्न. कागदावर ही तिन्ही वाक्ये सारखीच उतरतात. त्यांतला भेद ऐकण्याचे शिक्षण साहित्यच देऊ शकते.

५

आता नवागामकडे वळू. सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधन्याच्या पलीकडे नवागाम आणि डिंडोली ह्या लागून असलेल्या वस्त्या आहेत. यंत्रमाग आणि कापडगिरण्या ह्यांच्या ओढीने धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या जिल्ह्यांतून आलेली खानदेशी कुटुंबे येथे फार मोठ्या संख्येने आहेत. उधन्याहून फुटणारा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग त्यांना गावाशी जोडून ठेवतो. जळगावपर्यंतचे अंतर सुमारे ३०० किलोमीटर. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमही आहे. मराठी येथे शाळेत आहे, भजनात आहे, लग्नपत्रिकेत आहे. रुग्णालयाच्या संमतिपत्रावर मात्र ती नाही; तेथे गुजराती किंवा इंग्रजी आहे, आणि वृद्धेच्या तोंडी तर बहुधा अहिराणी आहे.

अशा घरातील वृद्धापुढे अखेरचा प्रश्न कोणत्या रूपात येतो? यंत्र लावावे की न लावावे, ह्या रूपात तो क्वचितच येतो. तो येतो 'मला गावी न्या' ह्या तीन शब्दांत. पुण्याच्या प्राध्यापकाचे इच्छापत्र उपचारांच्या यादीने सुरू होईल. नवागामच्या म्हातारीचे इच्छापत्र जागेच्या नावाने सुरू होते. ह्या तीन शब्दांत पुष्कळ काही गुंडाळलेले आहे. रुग्णालय पुरे, हा वैद्यकीय निर्णय त्यात आहे. मुलाचा रोज बुडू नये, त्याने कर्ज काढू नये, हा आर्थिक निर्णय आहे. आणि आपल्या मातीत, ओळखीच्या माणसांत शेवट व्हावा, ही अभिलाषा तर आहेच. उलट बाजूने मुलालाही पेच आहे : आईला गाडीत बसविणे म्हणजे उपचार थांबविणे, आणि उद्या गावच 'सुरतेला एवढे दवाखाने असून आणलीस कशाला' असे विचारील, हे त्याला ठाऊक आहे. ३०० किलोमीटरच्या ह्या मार्गावर मराठीतील एक मोठे नाटक कित्येक वर्षे घडत आहे. ते अद्याप लिहिले गेलेले नाही.

ह्या घरांजवळ शब्दच नाहीत असे मात्र कुणी समजू नये. छापील साहित्याने जे केले नाही ते जात्यावरच्या ओव्यांनी केले आहे. अहेव मरणाच्या ओव्या मराठी मुलखात सर्वत्र आढळतात. पतीच्या आधी जाण्याच्या त्या इच्छेवर आज आपण आक्षेप घेऊ, आणि तो रास्तच आहे. वैधव्याच्या भयाने ती इच्छा घडविली होती. पण तिच्या आविष्काराकडे पाहावे. अखेरचे पाणी कुणी पाजावे, माहेरचे लुगडे कुणी आणावे, खांदा कुणाचा असावा, हळदकुंकू कुणी लावावे, हे त्यांत नावानिशी आणि नात्यानिशी सांगितलेले असते. मरणाविषयी अमूर्त चिंतन तेथे थोडे आहे. व्यवस्था पुष्कळ आहे. आणि ती व्यवस्था सून व लेक ऐकत असताना, दळणाच्या कामात, वर्षानुवर्षे गाऊन सांगितलेली आहे. सुचविण्याची, पुन्हा पुन्हा सांगण्याची आणि ऐकणाऱ्याला हळूहळू तयार करण्याची ही रीत आजच्या कोणत्याही छापील नमुन्याहून शहाणी आहे. गावात भाऊ लुगडे घेऊन अर्ध्या दिवसात पोहोचे. नवागामात तो रात्रीच्या गाडीने येतो. रीत टिकली आहे, अंतर वाढले आहे.

पूर्व खानदेशच्या बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) उदाहरण ह्याच संदर्भात आठवावे. त्यांची गाणी लेवा गणबोलीत आहेत, पश्चिम खानदेशच्या अहिराणीत नव्हेत. तरी दोन्हींचा संसार एकच आहे. निरक्षर असलेल्या ह्या कवयित्रीची गाणी घरातल्या माणसांनी ऐकली, टिपून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. मरणाकडे त्या घरातल्या माणसाकडे पाहावे तसे पाहतात. भय नाही, अवाजवी गौरवही नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे शब्द टिकले ते शेजारी ऐकणारा मुलगा होता म्हणून. गणपतराव बेलवलकरांना जो श्रोता लाभला नाही तो बहिणाबाईंना घरातच लाभला.

२०२३ च्या नियमांप्रमाणे इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करता येते. नवागामच्या वृद्धेच्या बाबतीत तो कागद सुरत महानगरपालिकेकडे जावयाचा आणि तिचा देह कदाचित नंदुरबारच्या एखाद्या खेड्यात विसावयाचा. कागद आणि देह ह्यांची अशी ताटातूट होणार असेल, तर तिचे म्हणणे खरोखर जपून ठेवणारे ठिकाण एकच उरते : गाडीत तिच्या उशाशी बसलेल्या माणसाची आठवण.

६

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो जुनाच आहे. साहित्याने लोकशिक्षण करावे काय? फडके-खांडेकर वादापासून आपण ह्या प्रश्नाशी झुंजत आलो आहोत. नाटककाराने वैद्यकीय इच्छापत्राचा मसुदा रंगमंचावर वाचून दाखवावा असे माझे म्हणणे नाही. तसे नाटक पहिल्याच प्रयोगात मरेल, आणि त्याला कोणतेही यंत्र लावू नये. माझे म्हणणे कलेच्याच पक्षाचे आहे. वृद्ध आई आणि प्रौढ मुलगा, दोघांचेही एकमेकांवर प्रेम, दोघांनाही एकमेकांना दुखवावयाचे नाही, आणि ज्या विषयावर बोलावयाचे तो उच्चारताच दोघेही दुखावणार आहेत, ह्याहून अधिक नाट्यपूर्ण परिस्थिती ती कोणती? येथे खलपुरुष नाही, कृतघ्न संतती नाही, परदेशी निघून गेलेला दिवटा नाही. म्हणूनच आपल्या लेखकांना ती दिसत नसावी. वृद्धाचे दुःख रंगवावयाचे तर कुणी तरी त्याला टाकलेच पाहिजे, हा संकेत आपल्या साहित्यात इतका रुजला आहे की ज्याला कुणी टाकलेले नाही अशा वृद्धाचे एकाकीपण आपल्याला दिसेनासे झाले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवडीची भाषा ही सुस्थितांची भाषा आहे. ज्याला मुळात उपचारच परवडत नाही त्याला उपचार नाकारण्याचा हक्क देणे ही क्रूर थट्टा होय. ह्यात तथ्य आहे. 'गावी न्या' ह्या मागणीत किती इच्छा आणि किती नाइलाज, हे विचारल्यावाचून तिचा गौरव करणे म्हणजे दारिद्र्याला वैराग्य म्हणणे होईल. मरणासन्न रुग्णांच्या वेदना शमविणारी सेवा वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाच्या रूपाने १९८६ पासून मुंबईत आहे. पण अशी सेवा कामगार वस्तीतल्या खोलीपर्यंत पोहोचेल तेव्हाच 'घरी राहतो' हे वाक्य निर्णय ठरेल. तोवर ते निर्णय आणि शरणागती ह्यांच्या सीमेवर उभे आहे. चांगल्या लेखकाची जागा त्या सीमेवरच आहे, कारण तेथे काय चालले आहे हे ना वैद्याच्या टिपणात येते, ना न्यायालयाच्या निकालात.

मराठी रंगभूमीने वृद्धाला स्वगत दिले, आणि ते इतके समर्थ दिले की पिढ्यान्पिढ्या ते मुखोद्गत आहे. मराठी चित्रपटाने त्याच्या भोवतालचा व्हरांडा दाखविला. ओव्यांनी व्यवस्था सांगितली. राहिला आहे तो संवाद : विचारणारा मुलगा, उत्तर देणारी आई, मध्येच उठून चहा ठेवणारी सून, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तोच विषय नव्याने काढण्याचा धीर. तो लिहिला जाईल तेव्हा त्याची भाषा कदाचित प्रमाण मराठी नसेल. अहिराणीत सुरू होऊन गुजरातीत अडखळणारी ती भाषा असेल. आपल्या समीक्षेने तिला बोलीभाषेतील प्रयोग म्हणून कोपऱ्यात न बसविता मराठी साहित्याच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.